गुरुजीची पाव पोळी

संध्याकाळ झाली की मेश्राम गुरुजी माझ्या आंगणातल्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढायचा आणि मोबाईल उंच धरून उभा राहायचा. नवीन माणसाला वाटायचं, हा चंद्राला अर्ज देऊन राहिला. तसं नाही. मोबाईलात नेट नुकतंच आलं होतं, आणि आमच्या नागझिऱ्याकडच्या गावात रेंज फक्त माझ्या बंडीवर भेटते, असं त्याचं म्हणणं.

गुरुजी आमच्या शाळेत एकटाच मास्तर. लग्न नाही, घर दूर. नाद एकच. कुठल्या कुठल्या मास्तरांनी बनवून नेटवर ठेवलेली चित्रं, धडे, व्हिडिओ उतरवून घ्यायचे. सापडलं की बंडीवरून ओरडायचा, "फुकट आहे बापूजी, फुकट!"

"फुकट कोण देते, गुरुजी? काहीतरी खोट असंन."

एकदा खोट निघालीच. धड्यात विचारलं होतं, वाघ कुठं राहतो? उत्तर, प्राणीसंग्रहालयात. पोरं हसून लोळली. "गुरुजी, वाघ तर आमच्या बोडीवर पाणी प्यायले येते!" गुरुजीनं पोरांचं ते बोलणं मोबाईलात भरलं आणि तेही नेटवर ठेवून दिलं. फुकट.

पार्बता, माझी बायको, गेली तेव्हापासून मी संध्याकाळची चूल पेटवत नव्हतो. एकट्यासाठी कायले? पाणी प्यायचं अन् खाटेवर पडायचं. गुरुजीला ते बंडीवरून दिसलं असंन. एक दिवस तो डब्यात पोळी घेऊन आला. अपूर्णांकांचा व्हिडिओ सापडला म्हणे.

"बापूजी, तुमची शाळा किती?"

"दुसरी. तीही अर्धी."

"मग बेस झालं. तुम्हाले समजलं म्हणजे वर्गात कोणालेही समजते."

त्यानं पोळीचे चार तुकडे केले. "पाव खा. आता किती उरली?"

"जळलेली बाजू उरली."

"हिशेबानं सांगा ना!"

"पाऊण."

"शाबास. आता अजून पाव खा."

असं करत पोळी संपायची. दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ, नवी पोळी, धडा तोच. रोवणी झाली, धानाची कापणी आली, तरी याचे अपूर्णांक संपेनात. मी म्हटलं, पोरंच मठ्ठ असतील.

मग एकदा शाळेच्या कुंपणाला बांबू द्यायला गेलो. गुरुजी वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या मोबाईलवर नवा धडा उतरवून राहिला होता. बाहेर एक पोरगी पाणी पीत होती. तिला विचारलं, "इथं रेंज भेटते का वं?"

"पावसाळ्यापासून भेटते ना, आबा."

"अन् अपूर्णांक?"

"ते तर कधीचेच झाले."

त्या संध्याकाळी गुरुजी पुन्हा बंडीवर. हात वर. "शाळेत रेंजच नाही बापूजी, काय करता!"

मी चूल पेटवली, दोघांपुरता भात टाकला. धूर पाहून तो हळूच उतरला. डबा हातातच.

"म्हणजे धडा समजला म्हणायचा," तो म्हणाला. "उद्यापासून काम नाही मग."

"कुठं समजला? पाव अन् पाऊण अजून डोक्यात घुसूनच नाही राहिले," मी म्हटलं. "उद्या पुन्हा दाखवा लागन."