बुंध्याला वळसा घालणारं घर

आर्किटेक्टने आपल्याच आईवडिलांचं घर बांधायला घेऊ नये, हे त्याला आता मनापासून पटलं आहे. फक्त ते घर बांधून झाल्यावर पटलं.

समुद्रकाठच्या त्या जमिनीवर पहिल्या दिवशी सगळ्यांना नेऊन त्याने छोटंसं भाषणच ठोकलं होतं. "इथे निसर्ग मालक, आपण भाडेकरू. झाड तोडायचं नाही, घर वळवायचं." मग खिशातून लाल चिंध्या काढून त्याने वाटल्या. "जे जपायचंय तिथे बांधा. चिंधीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द!"

बाबांनी दोन माडांना बांधल्या, कारण त्यांना मधे झुला हवा होता. ताईने सावलीसाठी बदामाला बांधली. आई म्हणाली, "मला काय, भाजी ढवळताना समुद्र दिसला म्हणजे झालं. अडतीस वर्षं भिंतीकडे बघत स्वयंपाक केलाय."

"दिसणारच, आई!" असं म्हणून तो फोन घ्यायला बाजूला गेला, तो अर्धा तास गेला.

पुढच्या आठवड्यात मोजणीला आला, तर जमिनीच्या ऐन मधोमध एक वाळका बुंधा, कमरेएवढा, आणि त्यावर लाल चिंधी. गाठसुद्धा दुहेरी.

"साहेब, हे सरपण आहे," मिस्त्री म्हणाला. "दोन घाव घातले की काम मोकळं."

"चिंधी आहे ना? मग हात लावायचा नाही."

"पण मेलंय हो ते!"

"आपल्याला दिसत नाही म्हणून लगेच मेलं म्हणायचं?"

मिस्त्रीने एकदा बुंध्याकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे, आणि टेप गुंडाळायला घेतली.

पंचाईत अशी, की स्वयंपाकघर नेमकं तिथेच यायचं होतं. ते डावीकडे सरकवावं तर बाबांचे माड, उजवीकडे सरकवावं तर ताईचा बदाम. मागे सरकवता सरकवता ते थेट रस्त्याच्या बाजूला गेलं आणि समुद्राकडची उरलेली एकमेव चौकोनी जागा न्हाणीघराला मिळाली. त्याला चुटपुट लागली. आईला समजावून सांगू, असं त्याने ठरवलंही. पण एका मासिकाने 'बुंध्याभोवतीच्या घरा'चे फोटो आधीच मागून ठेवले होते, आणि समजावणं पुढे पुढे जात राहिलं.

नकाशा दाखवला तेव्हा आईने चष्मा लावून तो नीट पाहिला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"चिंध्या सगळ्या धरल्यास ना रे?"

"सगळ्या. ही मधली बघ, अख्खं घर तिच्याभोवती फिरवलंय."

आईचा चेहरा असा खुलला, की ओट्याची गोष्ट त्याच्या तोंडातच राहिली.

राहायला आले त्या दिवशी आई भाजीची पिशवी घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. समोर खिडकी होती. खिडकीत पाण्याची टाकी होती.

"हे कुणाचं स्वयंपाकघर?"

"आपलंच. आई, त्या बुंध्यामुळे जरा..."

तो तिला बाहेर घेऊन गेला. बुंध्याला घराने सुरेख वळसा घातला होता. चिंधी उन्हाने फिकी पडली होती.

"अरे, ही तर मी बांधली," आई म्हणाली. "इथे उभं राहिलं की सगळा समुद्र समोर येतो. म्हटलं, ओटा इथे. बांधायला दुसरं काही नव्हतं, म्हणून या लाकडाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शब्द दिला होतास ना? मग परत परत काय बोलायचं?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाऱ्याची दिशा त्याने विचारली होती, भरतीची रेषा कोळ्यांना विचारली होती, उन्हाचे कोन मोजले होते. जिला तिथे उभं राहायचं होतं तिला तेवढं विचारलं नव्हतं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "पाडून पुन्हा बांधतो."

"गप. बुंध्यालासुद्धा हात लावायचा नाही," म्हणत आई त्यावर बसली आणि शेंगा सोलू लागली.

तेव्हापासून दर रविवारी तो येतो.

"आज भरती जोरात आहे!" बाबा न्हाणीघरातून ओरडतात.

"दिसतेय मला!" बुंध्यावरून आई म्हणते, आणि मग तीन खोल्या ओलांडून तिची हाक येते, "ढवळतोयस ना रे? खाली लागेल!"

"ढवळतोय, आई," टाकीकडे बघत तो म्हणतो.