चौथ्या गादीचा रिपोर्ट

"आधी एक छोटीशी चाचणी घेऊ," एवढंच तपासनीस म्हणाले, आणि घरातल्या तिघींचे चेहरे उतरले.

तपासनीस सव्वीस वर्षं कुकरच्या कारखान्यात कुकर नापास करत आले होते. (पासही करत, पण त्यात त्यांचा जीव रमत नसे.) त्यांनी एकदा कागदावर सही केली की ब्रह्मदेव आला तरी ती फिरत नसे. कारखान्यात याला शिस्त म्हणत. घरात काय म्हणत ते सांगण्यात अर्थ नाही.

प्रकरण तसं साधं होतं. एकुलती एक लेक महिनाभरानं नोकरीसाठी परदेशी निघाली होती. तीन वर्षांचा करार. ते ठरल्यापासून घराची कळाच गेली होती. बायको भांडी आपटेनाशी झाली, सासूबाई टोमणे मारेनाशा झाल्या, आणि तपासनीस तर आतून पार खचले होते. लेकीशी निवांत बोलून किती वर्षं झाली, हेही त्यांना आठवेना. पोटात खूप होतं हो, पण जेवायला बसलं की तोंडातून "मीठ कमी आहे" एवढंच बाहेर पडे.

शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, जायच्या आधी चार दिवस समुद्रावर राहू या. तिथे लाकडी केबिन मिळतात. तीन खाटा आणि जमिनीवर एक गादी. आपलं आपण शिजवायचं, आणि नुसतं बसायचं. चौघांनी."

तपासनिसांनी 'हो' म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांच्या तोंडून सवयीचं तेच चाचणीचं वाक्य बाहेर आलं.

मग त्यांनी केबिनवाल्याला फोन लावला.

"आत तापमान किती असतं?"

"गरम असतं, साहेब."

"गरम म्हणजे किती?"

"शर्ट काढावा लागतो इतकं."

"आणि वारा? वेग काय असतो?"

"येतो तेव्हा येतो, साहेब. तुम्ही येताय ना?"

तपासनिसांनी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'उत्तरे असमाधानकारक.'

रविवारी सकाळी त्यांनी दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला सरकवलं आणि खडूनं जमिनीवर दहा बाय बारा फुटांचा चौकोन आखला, त्यात तीन खाटांच्या जागाही. ही केबिन. स्वयंपाकघराचं दार ते केबिनचं दार, कारण फोटोतल्या केबिनच्या दारासारखं तेही आतच उघडत होतं. खिडक्या बंद, पंखा बंद. समुद्रकाठची दमट हवा हवी म्हणून शेगडीवर तीन कुकर शिट्ट्या काढून चढवले. घरात अशी वाफ कोंडली की सासूबाईंचा चष्मा धुरकटला.

"जावईबापू," त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मला फिरायला नेताय की उकडायला?"

"सहा तास या रेषेबाहेर कुणी पाय ठेवायचा नाही," तपासनीस म्हणाले. "मोबाइल नाही, टीव्ही नाही."

तिघी निमूटपणे चौकोनात जाऊन बसल्या. तपासनीस बाहेर स्टूल टाकून बसले. हातात वही, मांडीवर थर्मामीटर.

"बाबा, तुम्हीपण आत या ना," लेक म्हणाली.

"मी आत आलो तर नोंदी कोण करणार?"

पहिला तास घाम पुसण्यात गेला. दुसऱ्या तासाला सासूबाई आणि बायकोची चादरीवरून जुंपली. (नोंद : 'घर्षण. अपेक्षेप्रमाणे.') पण तिसऱ्या तासाला भलतंच घडलं. करायला दुसरं काहीच नसल्यामुळे तिघी गप्पा मारायला लागल्या. सासूबाईंनी लहानपणी शाळा चुकवून झाडावर चढल्याचा आणि उतरता न आल्यामुळे हेडमास्तरांनाच हाका मारल्याचा किस्सा सांगितला. बायको हसता हसता आडवी झाली. लग्नानंतर ती अशी हसलेली तपासनिसांनी पाहिली नव्हती. नोंदींच्या नादात निसटलेला किस्सा विचारायला त्यांनी मान पुढे केली, तेवढ्यात थर्मामीटर घसरला.

मग लेकीनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हळूच म्हणाली, "आई, मला ना, खूप भीती वाटतेय जायची. कुणाला सांगितलं नाहीये."

तपासनिसांचं पेन थांबलं. आपणही आत जावं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा, 'मलाही भीती वाटतेय गं' म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. रेषा हातभर लांब होती. पण चाचणी चालू असताना तपासणारा कुकरमध्ये बसत नाही. त्यांनी डोळे टिपले आणि लिहिलं, 'दोन तास चाळीस मिनिटे. एक व्यक्ती रडली. कारण : उष्णता.' (दुसऱ्या कारणासाठी रकानाच नव्हता.)

शेवटी राहिली चौथी गादी, म्हणजे त्यांची स्वतःची. उरलेल्या जागेत ती अंथरून ते आडवे झाले आणि बायकोला दार उघडायला सांगितलं. दार थेट टाळक्यावर आदळलं. दुसऱ्यांदा उघडलं, दुसऱ्यांदा आदळलं. तिसऱ्यांदा बायकोनं न सांगताच उघडलं.

रात्री जेवताना डोक्यावर टेंगूळ घेऊन त्यांनी रिपोर्ट वाचला. "केबिन तीन व्यक्तींसाठी पास. चौथी व्यक्ती नापास, दाराला अडथळा." खाली सही. मग त्यांनी आवाज शक्य तितका पाडला. "तुम्ही तिघी जा. मी राहतो मागे. घरालाही माणूस हवंच."

आता यात त्यांचा हिशेब काय होता? पहिला आग्रह बायको करील, त्याला 'छे छे' म्हणायचं. दुसरा लेक करील, तिथे जरा गप्प राहायचं. तिसऱ्याला 'तुम्ही इतकं म्हणताय तर' म्हणून विरघळायचं.

"बरं," बायको म्हणाली. "भात वाढू?"

त्या रात्री तपासनीस जेवले कमी. पुढचे आठ दिवस त्यांनी नाना परीनं सुचवून पाहिलं. 'मला नाहीतरी सुट्टी आहेच' म्हणून झालं. समुद्राची हवा गुडघ्यांना किती चांगली, यावर भाषण झालं. आपली बॅग भरून त्यांनी ऐन वाटेत ठेवली. बायकोनं त्यातले कपडे काढून कपाटात नीट रचले आणि म्हणाली, "बरं झालं काढून ठेवलीत, मला हीच बॅग हवी होती."

समुद्रावर निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यांच्यानं राहवेना. लेक सामान बांधत होती. ते दारात उभे राहिले, खाकरले, आणि सव्वीस वर्षांत कधी न उच्चारलेले शब्द त्यांनी उच्चारले.

"मी काय म्हणतो, तो रिपोर्ट... फेरतपासणीला घेता येईल."

लेकीच्या हातातला टॉवेल खाली पडला. "म्हणजे तुम्हाला यायचंय?"

"यायचंय गं! तू चाललीस तीन वर्षं. मला तुझ्याजवळ बसायचंय."

"अहो बाबा!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "रोज वाट बघत होते मी, आज म्हणाल, उद्या म्हणाल."

"मग आग्रह का नाही केलास?"

"सही झालेल्या कागदावर वाद घालायचा नाही, हे कुणी शिकवलं मला? आणि आता तुमच्या जागेवर शेजारच्या शिवणवाल्या मावशींना सांगून बसलोय. त्या बिचाऱ्या तयारी करून बसल्यात. आता नाही कसं म्हणायचं?"

तपासनिसांना घेरीच यायची बाकी राहिली. शिवणवाल्या मावशी म्हणजे दोन तपासनीस बाजूबाजूला उभे केले तरी थोडी जागा भरायची राहील असा देह.

"त्या? अगं, मी मावलो नाही तिथे त्या कुठे मावणार? दार कसं उघडणार?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा शांत आवाज आला.

"त्या दार उघडं टाकून उंबऱ्यातच झोपणार आहेत, जावईबापू. म्हणाल्या, वारा छान लागेल."