खोब्रागडे काकांच्या एकेचाळीस कॅसेटी

आमच्या घरी येणारा माणूस आधी चपला काढतो, मग एसीच्या झोतासमोर उभा राहतो, मग पाणी मागतो. खोब्रागडे काका आधी आमच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावायचे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी अमेरिकेच्या वाळवंटातल्या फिनिक्समध्ये नवी होते. नव्वदचं दशक. नवरा संजय सॉफ्टवेअरवाला, मी त्याच्या व्हिसावर आलेली, कामाची परवानगी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, बाहेर भट्टी पेटलेली. अशात इथल्या मराठी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ भेटायला येतात म्हणून मी चांगला पंजाबी ड्रेस घालून दार उघडते, तर हे सरळ किचनमध्ये. डब्यातून दोन बोटांनी एक चुरगळलेली चिठ्ठी वर काढली, मांडीवर सरळ केली आणि मोठ्यांदा वाचली, "मी बोलत नाहीये. भात कुकरमध्ये आहे."

ती मी सकाळी संजयसाठी फ्रिजवर लावलेली चिठ्ठी होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ही मी घेऊन जाऊ?" काका म्हणाले. "फेकण्याआधी मला दाखवत जा बापा. हा इतिहास आहे."

ती चिठ्ठी त्यांनी 'कौटुंबिक जीवन, उन्हाळा' अशा फायलीत लावली. हिवाळ्यातलं कौटुंबिक जीवन वेगळ्या फायलीत असायचं. तिथे भांडणं कमी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मधुकर खोब्रागडे मूळचे नागपूरचे. फिनिक्सच्या पाणीखात्यात कालव्यांवर इंजिनियर म्हणून आयुष्य घालवलं आणि रिटायर झाले. ते आले तेव्हा अख्ख्या फिनिक्समध्ये मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, असं ते सांगायचे आणि पुरावा म्हणून त्या वर्षीच्या फोनबुकातली फाडलेली पानं दाखवायचे. पारा चाळीसच्या वर गेला की आम्ही सगळे हाय हाय करायचो आणि काका म्हणायचे, "नागपूरपुढं हे काहीच नाही." पंचेचाळीसलाही तेच. एकदा रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, तेव्हाही तेच.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच उद्योग मांडला. या शहरातल्या आपल्या माणसांचा इतिहास. गणपतीच्या पॉटलकला कोणी काय आणलं त्याच्या याद्या, चौदा एप्रिलच्या जयंतीची आमंत्रणं, अपार्टमेंटचे करार, हळदीकुंकवाची वाणं. आणि सोबत पोळपाटाएवढा एक टेपरेकॉर्डर. तो ताटांच्या मधोमध ठेवायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "बोल. मशीन ऐकून राहिली."

पहिला प्रश्न ठरलेला. "पहिल्या उन्हाळ्यात तुझं काय वितळलं?"

हसू नका. या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर होतं. कोणाची पर्समधली लिपस्टिक, कोणाची देवघरासाठी आणलेली कापराची डबी, माझ्या कोल्हापुरी वळणाच्या रबरी चपलेचा सोल ग्रोसरीच्या पार्किंग लॉटला चिकटून तिथेच राहिला होता. एकदा हे सांगून झालं की माणूस सुटायचा. मग घर, सासू, व्हिसा, पहिली नोकरी, सगळं यायचं. मी तर नव्वद मिनिटं बोलले. कॅसेट संपली तरी बोलत होते. संजय म्हणाला, काकांना पुरस्कार द्यायला हवा.

अशा एकेचाळीस कॅसेटी झाल्या.

सगळ्यात गाजलेली होती कुलकर्णी काकूंची. काकूंनी आपल्या पहिल्या उन्हाळ्यात अपार्टमेंटच्या स्विमिंग पूलकडेच्या सगळ्या आरामखुर्च्यांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. तासाभरात खडखडीत. मॅनेजर आला, त्याला वाटलं ही घरटी आहेत, कुठल्यातरी पक्ष्यांनी एकदम वसाहत केलीय. त्याने सगळ्यांना पूलपासून लांब राहायला सांगितलं आणि प्राण्यांच्या खात्याला फोन केला. त्या खात्याचा माणूस येईपर्यंत काकूंनी मॅनेजरला एक कुरडई तळून खायला घातली होती. "फिनिक्समधलं पहिलं वाळवण," असं काकांनी त्या कॅसेटवर लाल शाईने लिहिलं होतं.

एकदा मी विचारलं, "काका, पण हे कोण ऐकणार?"

काकांनी हातातली फाईल मिटली. "माझ्या आजोबांचं नाव एकाही कागदावर नाही," ते म्हणाले. "गावात राबले, विहिरी खोदल्या. कुठंच नोंद नाही. इथं तसं होऊ द्यायचं नाही. पुढं कोणी म्हणायला नको की हे लोक इथं नव्हतेच."

तेव्हापासून मी डब्यात काही टाकताना दोनदा बघायला लागले.

आणि मग ती बातमी आली. शहराच्या लायब्ररीत इतिहासाची नवी खोली उघडणार होती आणि तिथल्या ग्लोरियाबाईंना शहरातल्या सगळ्या समाजांचे आवाज हवे होते. काका पत्र घेऊन धावत आले, त्या दिवशी कचऱ्याचा डबासुद्धा विसरले. अट एकच होती, प्रत्येक बोलणाऱ्याची संमतीच्या फॉर्मवर सही पाहिजे. आम्ही दोघं कामाला लागलो. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, त्यामुळे ड्रायव्हर मी. पंधरा दिवस नुसती धावपळ. इतकी मजा मला या देशात आल्यापासून आली नव्हती.

शुक्रवारी तीन वाजता खोकं पोचवायचं होतं. एकच सही राहिली होती, कुलकर्णी काकूंची. त्यांचं घर वाटेवरच.

"खोकं घेऊ संगं?" काका म्हणाले.

"राहू द्या हो गाडीत. दोन मिनिटांचं तर काम," मी म्हणाले. हे मी म्हणाले, नीट लक्षात घ्या.

दोन मिनिटं. मराठी घरात. काकूंनी सही केली आणि म्हणाल्या, "चहा टाकते." आम्ही "नको नको" म्हणालो. पहिलं नको कोणी धरतं का? मग अर्धा कप चहा. मग "नुसता चहा कसा" म्हणून पोहे. मग त्यांच्या सूनबाईने ताजी केलेली चकली बघायची होती. त्यांचा नातू समोर बसून "आजी, दे सेड दे आर लेट," असं तीनदा म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतंय. मीच दुसऱ्यांदा पोहे घेतले. बाहेर जून महिना होता, गाडी अंगणात उन्हात, काचा बंद आणि खोकं मागच्या काचेखाली.

परत आलो तेव्हा गाडीचं दार धरवेना. काकांनी माझ्या ओढणीने हँडल धरून उघडलं, खोकं पुढे ओढलं. कॅसेटी वाकल्या होत्या. तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या, कडा वर आलेल्या. काकांनी एक उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलून परत ठेवली. मी वाट बघत होते की आता नागपूरबद्दल काहीतरी बोलतील. "चल, घरी सोड मला," एवढंच म्हणाले.

मी रात्रभर रडले. संजय म्हणाला, तुझी चूक नाही. माझीच होती.

ग्लोरियाबाई भली बाई, तिने महिन्याची मुदत दिली. पण काका ऐकेनात. "दुसऱ्यांदा सांगताना माणूस शहाणा होऊन जाते," ते म्हणाले. "ते पहिलं बोलणं आता येणार नाही."

मग मीच पदर खोचला. सगळ्यांना फोन केले. जे नोकरीपायी दुसऱ्या गावांना, फ्रीमाँटला, अल्फारेटाला गेले होते त्यांनाही. दर शनिवार-रविवार आमच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. काकांना अक्षरशः ओढून आणलं. पहिल्या कुलकर्णी काकू बसल्या आणि भाषणासारखं सुरू झाल्या, "आमचं कुटुंब फार कष्टाळू..."

"नाही," काका कोपऱ्यातून म्हणाले. "तुम्ही असं नव्हतं सुरू केलं. तुम्ही म्हणाल्या, मेल्याने पोलीस बोलावले असते तरी मी कुरडया उचलल्या नसत्या. मग तुम्ही हसल्या. मग कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही म्हणाल्या, दोन झाल्या का तीन?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग हसल्या, आणि एकदम तशाच बोलायला लागल्या.

हे एकेचाळीस वेळा झालं. काकांना सगळं पाठ होतं. कोण कुठे अडखळलं, कोणी कुठे नाक ओढलं, कोणाच्या मुलाने मधेच काय विचारलं. फ्रीमाँटचा एकजण फोनवर म्हणाला, "यार काका, माझी गोष्ट मलाच आठवत नाही, तुम्ही सांगा, मी रिपीट करतो." आम्ही सगळे थक्क. लोक स्वतःची आठवण परत घ्यायला यायचे, कोणी मोदक आणायचं, कोणी पुडाच्या वड्या, हॉलमध्ये बसायला जागा नसायची. काका पुन्हा डबे तपासायला लागले. काय स्मरणशक्ती आहे या माणसाची, असं मी फोनवर आईलासुद्धा सांगितलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही खोकं घेऊन गेलो. मी ते मांडीवर घेऊन बसले आणि गाडी संजयला चालवायला लावली. वाटेत कोणाच्याही घरी थांबलो नाही.

ग्लोरियाबाईंनी एक फॉर्म दिला. कॅसेटी आता लायब्ररीच्या, पण देणाऱ्याला प्रती हव्या असतील तर मिळतील, फक्त कशासाठी ते लिहायचं. संशोधन, पुस्तक, जे असेल ते. काकांनी पेन घेतलं आणि त्यांच्या इंजिनियरी अक्षरात लिहिलं, "फॉर डिनर."

बाईंनी वाचलं. काही समारंभ आहे का, असं विचारलं.

"नो मॅडम," काका म्हणाले. "एव्हरी डे."

बाहेर संजय गाडी आणायला गेला, तेव्हा मी विचारलं. काका आधी चष्मा पुसत बसले.

"एकटा जेवतो नं मी," ते म्हणाले. "बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा दूर बेलव्ह्यूला. कोणी बोलत असलं की घास उतरते. कुलकर्णी काकूंची टेप पोळीभाजीपर्यंत पुरते. तुझी असली तर भात होते, ताक होते, भांडीसुद्धा घासून होतात."

जेवायची वेळ झाली की हा माणूस आमच्याकडून नेहमी उठायचा. थांबा म्हटलं तर म्हणायचा, "नाही, घरी मंडळी वाट पाहून राहिली." आम्हाला वाटायचं, काका गंमत करतात. आम्ही त्यावर हसायचो आणि ते निघून जायचे. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"कॉपी कधी मिळणार?" मी विचारलं.

"आठ दिवस लागतील म्हणाली."

"मग आठ दिवस आमच्याकडे जेवायचं. नको म्हणायचं नाही. पुढचं पुढे बघू."

काकांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि जरा अवघडून विचारलं, "बोलशील नं पण?"

तोंडाला कुलूप लाव म्हणणारे मला जन्मभर भेटले. बोल म्हणणारा हा पहिला. मी मान डोलावली आणि तिथेच सुरुवात केली.