भिडूचा एक्का

"एक्का राजापेक्षा मोठा, हे गृहीत धरायचं की सिद्ध करायचं?"

पत्ते शिकायला आलेल्या दामले मास्तरांचा हा पहिला प्रश्न. आम्ही तिघं हातातली पानं तशीच धरून एकमेकांकडे बघत राहिलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. शेवटी नाना म्हणाला, "मास्तर, गृहीत धरा. शिद्द करत बसलो तर जेवायची येळ व्हईल."

खराडीतल्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊस नावाची एक खोली आहे. तिथे व्यायामाची एक बंद पडलेली सायकल आणि आम्ही असतो. आम्ही म्हणजे मी, नाना आणि शिंत्रेबाई. मी पोस्टातून निवृत्त होऊन पुण्यातल्या नारायण पेठेतून इथे मुलाकडे राहायला आलो. नाना इथलाच. आमच्या इमारती जिथे उभ्या आहेत तिथे तो ज्वारी काढायचा, आणि अजूनही "तुमी बसलाय ना, तिथं हीर हुती" असं मध्येच सांगून समोरच्याला दचकवतो. शिंत्रेबाई नर्स होत्या. कोणाचंही रडगाणं त्या दोन शब्दांत थांबवतात.

आम्ही रोज संध्याकाळी मेंढीकोट खेळायचो. चौघांचा डाव, समोरासमोर बसलेले दोघं भिडू. दश्शीला मेंढी म्हणायचं आणि ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त, ती जिंकली. आमचा चौथा गडी बंगळुरूला मुलीकडे गेला आणि डाव बंद पडला. त्यामुळे मास्तर आले तेव्हा, खरं सांगायचं तर, आम्ही कोणालाही घेतलं असतं.

मास्तरांनी येताना स्वतःचा पत्त्यांचा कॅट आणला होता. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवताना मागच्या बाकांवरून त्यांनी जे कॅट जप्त केले, त्यातलाच हा एक. "पोरं याचं करतात काय, हे मात्र पाहायचं राहून गेलं," ते म्हणाले. त्यात चौकटची राणी नव्हती. ती कोणा चपळ विद्यार्थ्याच्या दप्तरात सुखरूप राहिली असणार. मास्तरांनी तिच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर वळणदार अक्षरात 'पर्यायी राणी' असं लिहिलं होतं. ती ज्याच्याकडे जाई त्याचं गुपित पाठीमागूनच फुटे. आम्ही दुसऱ्या दिवशी नवा कॅट आणला.

शिकवणी सुरू झाली. शिकवत आम्ही होतो, पण परीक्षा आमचीच होई.

"मेंढी दहाचीच का? नव्वीने काय घोडं मारलंय?"

"तसा नियम आहे, मास्तर."

"नियम आहे हे पक्षात धरलं. साध्य काय?"

"साध्य जिंकणं," शिंत्रेबाई म्हणाल्या. "पान टाका."

पत्ते पिसणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. नीट लावलेल्या गोष्टी मुद्दाम विस्कटायच्या, हे त्यांच्या स्वभावात बसेना. ते पानं रंगवार लावून, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सारखा करावा तसे पत्ते टेबलावर ठोकत आणि "झालं" म्हणत. मग एकदम तेरा-तेरा पानं वाटत, प्रत्येकाला सगळी एकाच रंगाची जात आणि डाव वाटून होताच संपे. नानाने एखाद्या हाताला किलवर नाही म्हणून दुसरं पान टाकलं, की मास्तर चष्म्यावरून बघत. "किलवर नाही म्हणता? दाखवा."

"आवं, दाखवलं तर खेळायचं काय?"

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

"माज्यावर ठिवा की!" नाना कळवळून म्हणे.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे मास्तरांचं तोंड. या खेळात भिडूशी बोलायचं नसतं. मास्तर मात्र समोर बसलेल्या शिंत्रेबाईंना अगदी अदबीने विचारत, "बाई, माझ्याकडे बदामाची दश्शी आहे. आपण एक्का टाकणार असाल तर मी ती आपल्याला देऊ इच्छितो."

शिंत्रेबाई पानं मिटून म्हणाल्या, "असं करा, खाली नोटीस बोर्डावरच लावा. लिफ्टमध्येही एक प्रत डकवा."

दुसऱ्याची मेंढी हाती लागली की ते "माफ करा हं" म्हणत. भिडूने चूक केली तर "पुन्हा विचार करून पाहा" म्हणत. आणि स्वतःची चूक झाली, की ती इतक्या सविस्तर समजावून सांगत की आपलंच काही चुकलं असावं असं वाटू लागे.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळत नव्हती. थोडं काही नवीन समजलं, की मास्तर डाव अर्धवट टाकून उठायचे. "एवढं आज पुरे. विसरण्याआधी घरी जायला हवं." हुकूम, म्हणजे एक्क्यालाही कापणारा रंग, कसा बोलायचा हे कळलं त्या दिवशी तर चप्पल घालायचीही विसरून गेले. नानाची खात्री पटली की मास्तर वरच्या मजल्यावर क्लास चालवतात. "आपल्याकडं फुकाट शिकत्यात आन् तिकडं फी घेत असतील. पुण्याची मान्सं हायेत ती." हे तो माझ्याकडे बघून म्हणाला.

शिंत्रेबाई त्यांना रागावायला कधीच चुकल्या नाहीत. एकदा मास्तरांनी त्यांची चांगली मेंढी घालवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यापेक्षा ती सायकल बरी खेळेल." मास्तरांनी मान हलवली आणि विचारलं, "नेमकं कुठे चुकलं ते पुन्हा सांगता?"

मग एका संध्याकाळी पानं वाटायला घेतली तेव्हा ते उभेच राहिले. पट्टीसारखे ताठ.

"एक विनंती आहे. उद्या आपण तिघं माझ्या घरी खेळायला याल का? पोहे मी करणार आहे, त्यामुळे काही खाऊन आलात तर उत्तम."

"काय विशेष?" मी विचारलं.

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. त्यांच्या पत्नीला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळतं, पण शब्द येत नाही. म्हणून त्या खाली कधी दिसल्या नव्हत्या. "मध्यंतरी तिची बहीण येऊन राहिली होती. ती सहज पत्ते काढून बसली, तर हिने डाव्या हाताने पानं स्वतःकडे ओढली. इतक्या महिन्यांत हिने काही आपणहून ओढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. बहिणीने सांगितलं, माहेरी हिच्याइतकं कोणी खेळत नसे. माझ्या घरात आली आणि सगळं बंद. मी कधी विचारलंच नाही हो. बहीण परत गेल्यावर ही रोज माझ्यापुढे कॅट सरकवायची. आणि मला काहीच येत नव्हतं."

शिंत्रेबाई म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी सांगितलं असतं तर आपण मला रागावला नसतात. मग मी शिकलो नसतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक, गोऱ्या, केस नीट विंचरलेले. मास्तरांनी फळ्यावरची आपली जुनी लाकडी पट्टी करवतीने कापून, तिला खाच पाडून, वहिनींसाठी पानं उभी करायचा ठोकळा बनवला होता. शिंत्रेबाई खेळल्या नाहीत, वहिनींच्या शेजारी बसल्या. मी आणि नाना भिडू. मास्तर आणि वहिनी समोरासमोर.

पहिल्या दोन हातांतच आम्हाला कळलं की आपली काही धडगत नाही. वहिनी डाव्या हाताने पान उचलत, क्षणभर नानाकडे बघत, आणि त्याला नको असलेलं नेमकं तेच पान टाकत. नाना घामाघूम झाला. "मास्तर, ह्या कुटं हुत्या इतके दिस?"

मग वहिनींनी बदामाचा एक्का टाकला. ती चार पानं त्यांनाच मिळणार होती. मास्तरांकडे बदाम नव्हता. त्यांनी एखादं फालतू पान टाकून गप्प बसायचं होतं. त्यांनी विचार केला, चष्मा सारखा केला, आणि मोठ्या अभिमानाने हुकूम मारला. स्वतःच्याच भिडूचा एक्का कापला.

वहिनींचा चेहरा लाल झाला. ओठ हलले.

"गाढव!"

स्वच्छ, ठणठणीत शब्द. वहिनी स्वतःच दचकून सगळ्यांकडे बघू लागल्या. मास्तर अर्धवट उठले आणि परत बसले.

"काय म्हणालीस?"

वहिनींनी पुन्हा प्रयत्न केला. नाही जमलं.

"होतं असं," शिंत्रेबाई हळू आवाजात म्हणाल्या. "राग आला की कधी कधी एखादा शब्द सुटतो. वॉर्डात पाहिलंय मी. मागे लागू नका. खेळा."

तेव्हापासून शनिवारचा डाव मास्तरांकडे ठरला. गंमत अशी, की खाली क्लबहाऊसमध्ये मास्तर आता फार चांगलं खेळू लागले होते. सिद्धता न मागता पान टाकत, पिसताना एकही पत्ता पडू देत नसत, नानाला तर त्यांनी चारही मेंढ्या खेचून दोनदा कोट दिला. पण वर घरी गेले की पहिल्या दिवसासारखे. वहिनींचा एक्का पडला आणि हाती तो रंग नसला, की यांचा हुकूम त्यावर. मग वहिनी चिडत आणि बऱ्याचदा तो शब्द येई. मास्तर खाली मान घालून "चुकलं बुवा" म्हणत आणि कानापर्यंत हसत. एकदा मी त्यांची पानं ओझरती पाहिली. हातात चौकटची तिर्री होती. टाकायला अगदी योग्य. त्यांनी ती बाजूला सरकवून हुकमाचा राजा काढला. माझी नजर त्यांच्या लक्षात आली, तसे ते पंख्याकडे बघायला लागले.

नानालाही कळलं होतं. "शिव्या खायाला शिकला मास्तर," तो जिन्यात म्हणाला.

परवाच्या शनिवारी वहिनींनी किलवरचा एक्का टाकला. मास्तरांनी नेहमीप्रमाणे हुकूम वर उचलला. वहिनी या वेळी चिडल्या नाहीत. त्यांनी त्या पानाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, बराच वेळ. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. डावा हात पुढे करून त्यांनी मास्तरांचं मनगट दाबलं आणि पान खाली करायला लावलं.

"अहो," त्या म्हणाल्या. मग बरीच खटपट करून, "नीट."

मास्तरांनी मान हलवली. कोणतं पान टाकायचं ते त्यांना सुचेना. त्यांच्या हातातली सगळी पानं आमच्याकडे तोंड करून पसरली होती, एक्का, राजा, दश्शी, सगळं उघडं. नाना, ज्याने जन्मात कोणाची पानं बघायची सोडली नव्हती, तो खिडकीबाहेर बघत बसला.