आवृत्ती अकरावी, सुधारित आणि हलकी

वीबे हूकेमा यांचं अभियांत्रिकी गणिताचं पाठ्यपुस्तक जड आहे, अशी तक्रार तंत्रमहाविद्यालयाच्या वार्षिक अभिप्राय-पाहणीत दाखल झाली. तक्रार एका शब्दाची होती : 'जड.' शब्दापुढे पूर्णविराम होता. त्यामुळे ती पूर्ण विचारांती केलेली असावी, असं मानण्यास महाविद्यालयाला जागा मिळाली.

नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या त्या गावात हूकेमा सरांचं पुस्तक ठाऊक नसलेला माणूस मिळणं कठीण. आसपासच्या कालव्यांवरचे निम्मे पूल आणि झडपा ज्यांनी बांधल्या, ते सगळे कधी ना कधी या पुस्तकात नापास होऊन, मग पास होऊन बाहेर पडलेले होते. पुस्तकाच्या आठ आवृत्त्या निघाल्या होत्या आणि आठही आवृत्त्यांत मिळून फक्त छपाईच्या चुका बदलल्या होत्या. गणित बदललेलं नसल्यामुळे सरांना दुसरं काही बदलायचं सुचलं नव्हतं. ही त्यांची मर्यादा पुढे अहवालात नोंदवण्यात आली.

संचालिका आनेलीस रोडबर्गन यांनी ताबडतोब बैठक बोलावली. प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्किट देऊन डबा कपाटात ठेवण्यात आला. गुणवत्ता अधिकारी योरित स्टावेंगा यांनी तक्रार वाचून दाखवली. वाचायला वेळ लागला नाही.

"जड म्हणजे कशात जड?" हूकेमा सरांनी विचारलं. "उचलायला की समजायला?"

"ते लिहिलेलं नाही," योरित म्हणाला. "म्हणून आपण दोन्ही धरून चालू."

"अहो, धरून कशाला चालायचं? ज्यानं लिहिलंय त्याला विचारा ना!"

"अभिप्राय निनावी असतो, सर. विचारलं तर त्याच्या विश्वासाला तडा जाईल."

"आणि न विचारता पुस्तकाला गेला तर?"

"पुस्तकाचा विश्वास हा विषय पाहणीत येत नाही," संचालिका मऊ आवाजात म्हणाल्या आणि बैठक पुढे गेली.

आधी वजनाकडे लक्ष देण्यात आलं, कारण ते मोजता येत होतं. पुस्तक काट्यावर ठेवलं गेलं. कागद पातळ करण्यात आला. तो इतका पातळ झाला की एका पानावरचं समीकरण वाचताना मागच्या पानावरचं उत्तर दिसायचं, आणि विद्यार्थ्यांना ही सुधारणा मनापासून आवडली. शेवटचे तक्ते गेले. मग असं आढळलं की पुस्तकात सर्वाधिक जागा खाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे सिद्धता. त्या गेल्या. ज्या गोष्टी खऱ्याच आहेत त्या पुन्हा खऱ्या करून दाखवण्यात वाचकाबद्दलचा संशय दिसतो, असा शेरा योरितनं मारला होता. नववी आवृत्ती निघाली.

त्याच सुमारास दुसऱ्या वर्षाची नींके नावाची मुलगी सरांच्या खोलीत आली. लांबच्या खेड्यातून ती समोरचा वारा कापत सायकलनं यायची. केस अजून उभे होते.

"सर, रागावू नका. ते 'जड' मीच लिहिलं होतं."

"तू? अगं, तुझी तर गणितं बरोबर येतात!"

"पुस्तक भारी आहे हो, सर. फक्त रोज पाठीवर आणायला जड होतं. मला एक कपाट हवं होतं, बस. इथे ठेवायला."

सरांनी तिला तडक संचालिकांकडे नेलं. संचालिकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नींके, तू पुढे आलीस याचं कौतुक आहे. पण अभिप्राय निनावी असल्यामुळे तो तू लिहिलास हे आम्हाला माहीत असू शकत नाही."

"पण मीच सांगतेय ना तुम्हाला, मॅडम!"

"तेच तर. तू सांगतेयस म्हणजे हा निनावी राहिला नाही. म्हणजे हा तो अभिप्राय नव्हेच."

योरितनं कपाटाची मागणी ही स्वतंत्र नवी तक्रार म्हणून टिपून घेतली आणि पुढच्या पाहणीत 'आपल्याला कपाटांबद्दल काय वाटतं?' असा प्रश्न घालण्याचं ठरलं. बाहेर आल्यावर नींके म्हणाली, "सर, मी तोंड उघडायलाच नको होतं." आयुष्यात प्रथमच हूकेमा सरांना एका प्रश्नाचं उत्तर नेमकं माहीत होतं आणि ते लिहायला जागा नव्हती.

दहाव्या आवृत्तीत समजायला जड असलेल्या भागाकडे मोर्चा वळला. काही निवडक विद्यार्थ्यांना बसवून पानं दाखवण्यात आली. समाकलनाचं चिन्ह पाहून एकाला वाम मासा आठवला आणि वाम माशाची त्याला लहानपणापासून किळस होती. चिन्ह काढलं; त्या जागी 'येथे योग्य ती बेरीज करावी' असं आलं. शिडीच्या उदाहरणावर सुरक्षा समितीनं डोक्याला हात लावला. शिडी घसरते हे ठाऊक असून महाविद्यालयानं ती नऊ आवृत्त्या भिंतीला टेकवून ठेवलीच कशी? नव्या उदाहरणात शिडी जमिनीवर आडवी होती. प्रश्न होता : 'शिडी घसरेल काय?' उत्तर : 'संबंधित विभागास कळवावे.' कंपनांचं प्रकरण वाचून काहींना अस्वस्थ वाटलं, म्हणून तिथे दीर्घ श्वसनाचं एक पान घालण्यात आलं.

ते पान पाहिल्यावर सर संचालिकांसमोर उभे राहिले. "माझं नाव काढा त्याच्यावरून."

"काढू की," संचालिका म्हणाल्या. "दोर्द्रेख्त शहरातले एक लेखक आहेत. त्यांनी सगळ्या सुधारणा न वाचताच मान्य केल्यात. छायाचित्रही पाठवलंय. होडीतलं आहे, छान आहे."

घरी हिस्केनं वाटाण्याचं दाट सूप वाढलं. सरांची ही बायको गावभर सायकलवर फिरून आजाऱ्यांची मलमपट्टी करायची आणि जखमेवर फुंकर घालण्याआधी ती नीट धुऊन काढायची.

"मग काढू दे ना त्यांना नाव," ती म्हणाली.

"आठ आवृत्त्या, हिस्के. आठ!"

"त्या आठ कधीच गेल्या, वीबे. आता उरलाय तो तुझा फोटो."

सरांनी सूप संपवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या आवृत्तीवर आपलंच नाव ठेवायला संमती दिली आणि छायाचित्रासाठी निळा स्वेटर घातला.

अकरावी आवृत्ती आली आणि खिशात मावली. पुस्तक बदललं म्हटल्यावर परीक्षा मागे ठेवणं अन्यायाचं झालं असतं. 'या तुळईला किती भार पेलेल?' या प्रश्नाला तीन पर्याय होते : थोडा, बराच, चर्चा करून ठरवू. तिन्हींना पूर्ण गुण होते, कारण तिन्हींमागे विचार होता. निकाल शंभर टक्के लागला. परीक्षेच्या दिवशी स्पेनला समुद्रकिनारी असलेला एक विद्यार्थीही उत्तीर्ण झाला, कारण त्याच्या उत्तरपत्रिकेत एकही चूक सापडली नाही. पुस्तकाला सुगमतेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. सरांनी तो निळ्या स्वेटरमध्येच स्वीकारला. टाळ्या इतक्या वाजल्या की क्षणभर त्यांनाही वाटून गेलं, कदाचित आपणच इतकी वर्षं उगाच अवघड करत होतो.

या यशाचं काहीतरी दिसण्याजोगं स्मारक हवं होतं. महाविद्यालयामागच्या कालव्यावर विद्यार्थ्यांनी पादचारी पूल बांधावा, तोही संपूर्णपणे अकराव्या आवृत्तीनुसार, असं ठरलं. पूल सुरेख झाला. कठड्यांना पिवळा रंग, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या. किती भार पेलेल हे चर्चा करून ठरवण्यात आलं होतं.

एका सकाळी सर तिथे उभे होते. एक बगळा येऊन पुलाच्या मधोमध बसला. पूल किंचित लवला. बगळ्यानं खाली पाहिलं, मागे पाहिलं आणि तो उडून गेला. आपल्या अनुभवावरून निर्णय घेणारा तो त्या परिसरातला पहिलाच जीव होता.

सर धावत घरी गेले, माळ्यावरून आठवी आवृत्ती काढली, हिशेब केला, तो पुन्हा तपासला आणि घाम पुसत संचालिकांकडे आले.

"मॅडम, पूल पडेल. वरून एखाददुसरा माणूस गेला तर ठीक. मिरवणूक गेली की संपलं."

"कुठल्या आवृत्तीनुसार?"

"म्हणजे? आठव्या!"

"आठवी रद्द झालीय, सर. आठवीनुसार पूल पडत असेल तर तो आठवीचा प्रश्न आहे. अकरावीनुसार त्यानं पडण्याचं काही कारण दिसतं का?"

सर अडखळले. "अकरावीनुसार... कशालाच काही कारण दिसत नाही."

"झालं तर मग," संचालिका उठत म्हणाल्या. "आणि अकरावीचे लेखक कोण? तुम्ही. उद्घाटनाला तुमच्याच पुस्तकाविरुद्ध बोलणार का? बरं दिसेल ते?"

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. महापौर गळ्यात पदाची साखळी घालून आले. गावचा बँड ट्यूबा, ढोल, झांजा घेऊन सज्ज झाला आणि ठेक्यात पाऊल टाकत पुलाकडे निघाला. सगळ्यांचं पाऊल अगदी एकाच वेळी पडत होतं. वर्षभराच्या तालमीचं चीज झालं होतं. ते एकसाथ पडणारं पाऊल ऐकून हूकेमा सरांच्या अंगावर काटा आला. कंपनांचं प्रकरण त्यांना ओळ न् ओळ पाठ होतं : एका ठेक्यात पडणारी पावलं पुलाचं डोलणं वाढवत नेतात. हा पूल बांधणाऱ्यांना फक्त दीर्घ श्वसन येत होतं.

त्यांनी पुलाच्या तोंडाशी जाऊन हात पसरले. "ठेका मोडा! पाऊल मोडा! वेगवेगळे चाला!"

लेखकमहाशय भारावून हातवारे करताहेत, असा बँडमास्तरांचा समज झाला. त्यांनी मान लववली आणि ढोलाला जोर वाढवायची खूण केली. बँडनं सरांना अलगद आपल्यात सामावून घेतलं. मागून महापौर, संचालिका आणि योरित आले. पूल डोलू लागला. लोकांना वाटलं, ही सोयच आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. मग पिवळा कठडा कण्हला आणि पूल, कुणालाही दुखापत होणार नाही इतक्या सावकाश, मानाच्या पाहुण्यांसह कालव्यात उतरला.

पाणी कमरेएवढंच होतं. ट्यूबावाल्यानं शेवटचा सूर पूर्ण केला. त्यातून थोडं पाणी उडालं. काठावरून नींकेनं होडी ढकलायचा लांब बांबू पुढे केला.

"सर, धरा."

"तू का नाही आलीस पुलावर?" सरांनी थुंकत विचारलं.

"मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आठवी घेतली, सर," नींके म्हणाली. "कपाट नाहीच मिळालं. रोज पाठीवरच आणते."

चौकशी समिती बसली. पूल पडला, हा शब्दप्रयोग तिला मान्य झाला नाही. तो 'अपेक्षेपेक्षा खालच्या पातळीवर स्थिरावला' होता. सरांनी उभं राहून सांगितलं, "पुस्तकावर नाव माझं आहे. दोष माझा आहे." दोष ठरवण्याचा अधिकार समितीचा असून तो परस्पर घेता येत नाही, अशी त्यांना समज देण्यात आली.

गाव मात्र भडकलं. खाटकापासून महापौरांपर्यंत सगळे म्हणू लागले, शिक्षणाचं पार मातेरं झालं, पुन्हा खरं गणित आलं पाहिजे. हूकेमा सरांनी राजीनामा दिला आणि सार्वजनिक सभागृहात संध्याकाळचा वर्ग काढला : आठवी आवृत्ती, सर्वांसाठी खुली. पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पुढच्या रांगेत महापौर, त्यांच्या शेजारी ट्यूबावाला, मागे खाटीक आणि त्याचं कुटुंब. सर म्हणाले, "तो पूल पेलणार नव्हता, हे फक्त तीन ओळींत दाखवता येतं." आणि त्यांनी खडू उचलला.

पहिल्या ओळीला सर्वांनी माना डोलावल्या. दुसऱ्या ओळीला खाटकाला दोरीवर वाळत घातलेले कपडे आठवले. तिसऱ्या ओळीनंतर कॉफीची सुट्टी झाली. एकेकानं येऊन सरांचा हात हातात घेतला आणि मनापासून दाबला. "फार मोठं काम करताय, सर," महापौर कोट चढवत म्हणाले. "हे मुलांना शिकवायलाच हवं."

सुट्टी संपली तेव्हा सभागृहात दोघी होत्या. नींके वहीत उतरवून घेत होती. शेवटच्या रांगेत हिस्के मलमपट्टीची पिशवी मांडीवर घेऊन, कपाळाला आठ्या घालून फळ्याकडे बघत बसली होती.

"दुसरी ओळ परत सांग, वीबे," ती म्हणाली. "आणि सावकाश. मला घाई नाहीय."

सरांनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या तीन ओळी खरं तर या गोष्टीतही होत्या. हस्तलिखित ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांनी गोष्टीची तोंड भरून स्तुती केली आणि एवढंच सुचवलं की तेवढं गणित गाळलं तर वाचकांना बरं पडेल. ते गाळलं आहे. आपण इथवर आलात, म्हणजे त्यांचं म्हणणं खरंच होतं.