तिसऱ्या बाटलीची परीक्षा

परक्यावर घेतलेला संशय उंबऱ्याबाहेर थांबतो. घरच्या माणसावर घेतलेला मात्र पंगतीत येऊन बसतो आणि त्याला वाढताना आपलेच हात मळतात. घाटकोपरच्या सुगंधाबाईंना हे उमगायला पुरता आठवडा लागला.

लग्नाला चार महिने होतात न होतात, तोच त्यांचा लेक दत्ताराम जेवून उठल्यावर भांडी घासू लागला होता. त्यातच एके दिवशी फ्रिजच्या दारात तपकिरी पाण्याच्या तीन बाटल्या दिसल्या.

"हे काय गो, सुलक्षणा?"

"औषधी मुळांचे अर्क, आई. कॉलेजातला फ्रिज बिघडलाय ना! हवेनं तेल खवट होतं, तसं शरीरही आतून बिघडतं. ते अडवायची ताकद कुठल्या मुळात जास्त, ते तपासायचंय. माझा सगळा प्रबंध त्यावर आहे."

"आणि तपासणार कुणावर?"

"काचेच्या नळीत, आई!" सून हसली.

त्या हसण्याने सुगंधाबाईंची खात्रीच पटली. मुळी पाजून नवऱ्याला मुठीत ठेवणाऱ्या बायकांच्या हकिकती त्यांनी माहेरी पुष्कळ ऐकल्या होत्या. निम्मी झालेली तिसरी बाटली त्यांनी मोरीत ओतली आणि तीत तेवढाच कोरा चहा गाळून ठेवला. रंग हुबेहूब जुळला.

दुसऱ्या संध्याकाळी सुलक्षणा धावतच आली. "आई, तिसरं मूळ झकास! मुळात ताकद असली की नळीतलं जांभळं द्रावण पिवळं होतं, हे तर बघता बघता झालं! सर म्हणाले, ताजी मुळं आणून पुन्हा करा."

रविवारी नवराबायकोने मनोरीहून मुळे खणून आणली. त्यांच्या अर्कापुढे जांभळा रंग ढिम्म हलेना. गुरुवारी सून जेवायला बसली ती डोळे पुसतच.

"सरांना वाटतंय, आधीचे आकडे मी मनानं लिहिले. उद्या खुलासा दिला नाही, तर प्रबंध बंद."

सुगंधाबाईंनी हातातला घास पानात ठेवला. "खोटं तू नाय, मी केलं. त्या बाटलीत चहा होता."

"चहा?"

"कोरा. मला वाटलं, दत्तूला मुळी पाजतेस. नायतर तो भांडी कशाला घासेल?"

"आई," दत्ताराम पानाकडे पाहत पुटपुटला, "ती लग्नाआधीची अट होती गं."

शुक्रवारी सुगंधाबाई स्वतः प्रयोगशाळेत गेल्या. सरांनी त्यांच्याकडेही संशयानेच पाहिले आणि समोरच चहा उकळायला लावला. चार थेंबांत जांभळे पिवळे झाले.

"कमाल आहे! बाई, पूड किती घालता?" सर वही पुढे ओढत म्हणाले.

पुढच्या अर्काच्या बाटल्यांच्या बुचांवर सुलक्षणाने कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि पेन सासूपुढे धरले. "आई, बुचावर तुमची सही. तुमच्या नजरेतून काय सुटणार?"

सुगंधाबाईंनी सावकाश सही केली आणि तोच हात सुनेच्या मस्तकावर ठेवला.

त्या घरातील विश्वासाला परमेश्वर दीर्घायुष्य देवो. आणि सरांचेही कल्याण असो.