वांग्याला पाजायचं नारळपाणी

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याला नाजियाची वांगी हिरवीगार होती, पण फुटत नव्हती. म्हणजे वांगी नव्हेत, वांग्याच्या पानांचे तुकडे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बाटल्यांमधल्या साखर-क्षारांच्या जेलीवर ते नुसते फुगून बसले होते. दिवाळीपर्यंत कोंब आले नाहीत तर तिचं एमएस्सीचं वर्ष बुडणार होतं. गेडाम सर म्हणाले, "नव्या बाटल्या लाव. अर्ध्यांत नारळपाणी घालून बघ." तिने नारळ आणून टेबलावर ठेवला. दसऱ्याच्या सकाळी शिपाई खुशालने बाटल्या उकळायच्या कुकरची साग्रसंगीत पूजा केली आणि तोच नारळ फोडला.

"खुशालभाऊ, माझा नारळ होता तो!"

"मंग पुण्य बी तुमालेच भेटन ना. घ्या, परसाद."

बाजारात नारळ औषधालाही उरला नव्हता. सिंदेवाहीतला प्रत्येक नारळ आज कुठल्या ना कुठल्या यंत्रासमोर फुटायच्या बेतात होता. नाजियाने धुतलेली बाटली उचलली आणि इसरूभाऊची राइस मिल गाठली.

"इसरूभाऊ, खोबरं तुमचं, पाणी मले द्या."

"काऊन? तब्येत बरी नाई का?"

"मले काई नाई झालं. वांग्याले पाजाचं हाय. त्याले कोंब नाई येऊन राह्यला."

इसरूभाऊला त्या वांग्याचं फार वाईट वाटलं. सगळं पाणी ओतून तो शेजारच्या गॅरेजातही सांगून आला. दुपारपर्यंत बातमी नाजियाच्या पुढे धावत होती. पिठाच्या गिरणीवाल्या रुखमाबाईने तर बाटलीत झेंडूच टाकला. "गुण येते, माय." ते पाणी गाळता गाळता नाजियाच्या नाकी नऊ आले.

दिवाळीच्या तोंडावर साध्या बाटल्यांत कोंब तरारले. नारळपाण्याच्या बाटल्यांत नुसता पांढरा गोळा!

सर खूश. "नारळपाण्याचा उपयोग नाही, हाही निकालच. साध्यांना फक्त ताजी जेली हवी होती. लिहून काढ, वर्ष वाचलं तुझं."

नाजियाला हायसं वाटतंय, तोवर दारात इसरूभाऊ, रुखमाबाई आणि गॅरेजवाले हजर.

"दाखव वं माय, आमच्या पाण्याचं वांगं."

आता बोला! निकालात टाचणीएवढंही खोटं खपवून न घेणारे सर एकदम खिडकीबाहेर बघू लागले. नाजियाने साधी बाटली पुढे केली. कोंब बघून रुखमाबाईचे डोळे भरून आले. मग तिचं लक्ष पांढऱ्या गोळ्याकडे गेलं.

"अन् हा बिचारा?"

"त्याले... त्याले नारळपाणी नव्हतं दिलं."

"एकाले पाजता अन् एकाले उपाशी ठेवता? हेच शिकवून राह्यले का इथी?" रुखमाबाईने पिशवीतून नारळ काढून सरांच्या हातात ठेवला. "पाजा त्याले. माह्यासमोर!"